छापखान्याच्या एसएफटीपी सर्व्हरवर बहुघटकी प्रमाणीकरण: अनुभव आणि काही अडलेले प्रश्न

शाईवाला (मूळ धागा)

नमस्कार. पुण्यातील एका मध्यम आकाराच्या छापखान्यात मी संगणकव्यवस्थेचे काम पाहतो. प्रकाशक, जाहिरात संस्था आणि बाहेरून काम करणारे अक्षरजुळणीकार आपल्या पीडीएफ फायली आमच्या एसएफटीपी (फायली झाकलेल्या जोडणीवरून पाठवण्याची पद्धत) सर्व्हरवर चढवतात आणि तेथून त्या प्लेट काढण्याच्या यंत्राकडे जातात. एरवी चाळीसेक खाती वापरात असतात. दिवाळी अंकांच्या हंगामात ती संख्या दुपटीवर जाते.

गेल्या हंगामात एका ग्राहकाच्या खात्यातून रात्री अडीचच्या सुमारास, आमच्या ओळखीच्या नसलेल्या पत्त्यावरून, दोन फोल्डर उतरवून घेतले गेल्याचे लॉगमध्ये दिसले. चौकशी केली तेव्हा त्या कार्यालयात पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता आणि त्याच पासवर्डवर त्यांचे ईमेलही चालत होते. त्यामुळे या हंगामापूर्वी प्रत्येक खात्याला दुसरा घटक (ओळखीचा आणखी एक वेगळा पुरावा) लावायचाच, असे मालकांनी ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले.

सर्व्हर उबुंटू या लिनक्स प्रणालीवर असून जोडण्यांसाठी ओपनएसएसएच वापरतो; त्याच्या सर्व्हर प्रोग्रामला एसएसएचडी म्हणतात. मी फोनवरचा सहा अंकी कोड तपासणारे गूगल ऑथेंटिकेटरचे पॅम मॉड्यूल बसवले (पॅम म्हणजे लिनक्समधील लॉगिन तपासणारी यंत्रणा), पॅमच्या एसएसएचडी फायलीत त्याची ओळ घातली, एसएसएचडीच्या कॉन्फिग फायलीत ‘केबीडीइंटरॅक्टिव्हऑथेंटिकेशन’ चालू केले (जुन्या लेखांत याचेच नाव ‘चॅलेंजरिस्पॉन्सऑथेंटिकेशन’ असे आढळते, नाव २०२१ मध्ये ८.७ या आवृत्तीत बदलले) आणि ग्राहकांच्या गटासाठी ‘मॅच ग्रुप’ विभागात ‘ऑथेंटिकेशनमेथड्स पब्लिककी,कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ (आधी की, मग कोड) अशी ओळ लिहिली. या ओळीतील स्वल्पविराम महत्त्वाचा आहे: स्वल्पविराम असेल तर दोन्ही पायऱ्या पार कराव्या लागतात, त्या जागी मोकळी जागा सोडली तर दोन्हीपैकी कोणतीही एक पुरते. मी पहिल्यांदा मोकळी जागा सोडली होती आणि चाचणीत सगळे सुरळीत चालते आहे अशा समजुतीत अर्धा दिवस घालवला.

(‘की’ या शब्दामुळे मराठी वाक्याचा गोंधळ होतो, म्हणून पुढे मी ‘किल्ली’ असे लिहीन; ही ग्राहकाच्या संगणकावर असणारी, ओळख पटवणारी फाइल.)

आता अडलेले प्रश्न. पहिला: प्रत्येक ग्राहकाच्या गुपिताची (ज्यावरून कोड तयार होतो त्या अक्षरमालेची) फाइल त्याच्या होम फोल्डरमध्येच असणे योग्य आहे का? दुसरा: फायली चढवण्याच्या फाइलझिला या प्रोग्राममधून दहा फायली एकदम टाकल्या की ते पुन्हा पुन्हा कोड मागते आणि ग्राहक मला फोन करतात. तिसरा: रात्री बारानंतर दोन ग्राहकांचे सर्व्हर आपणहून आमच्याकडे फायली टाकतात, तेथे कोड टाकायला माणूसच नसतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टर्मिनल_काका

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे, आणि त्याची कारणे जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मार्गदर्शक लेख येथेच थांबतात.

ते मॉड्यूल मुळात शेलवर (आज्ञा लिहिण्याच्या पडद्यावर) येणाऱ्या वापरकर्त्यासाठी केलेले असल्यामुळे गुपित होम फोल्डरमधील एका लपलेल्या फायलीत ठेवते. एसएफटीपीच्या ग्राहकाला मात्र आपण त्याच फोल्डरमध्ये वाचण्या-लिहिण्याचे अधिकार देतो. म्हणजे ज्याने एकदा आत शिरकाव केला तो ती फाइल उतरवून घेऊ शकतो, आणि त्या फायलीत गुपित तर असतेच, शिवाय आणीबाणीसाठी दिलेले आठ-आठ अंकी पाच कोडही असतात. एकदा ते हाती लागले की नंतर आपण पासवर्ड बदला किंवा किल्ली बदला, दुसरा घटक त्याच्याकडे कायमचा राहतो. याहून वाईट म्हणजे तो ती फाइल पुसूनही टाकू शकतो.

पुसल्याने काय होते, ते आपण ‘नलओके’ हा पर्याय लावला आहे की नाही यावर अवलंबून आहे. ज्यांनी अजून नोंदणी केलेली नाही त्यांना अडवू नये म्हणून हा पर्याय असतो. फाइल नाही, म्हणजे नोंदणी नाही, म्हणजे कोड विचारायचा नाही. दरवाजाला कुलूप लावून कडी बाहेरून काढता येईल अशी ठेवण्याचाच हा प्रकार आहे.

त्यामुळे गुपिते ‘/ईटीसी’ खाली वेगळ्या फोल्डरमध्ये, रूटच्या (सर्वाधिकारी प्रशासक खात्याच्या) मालकीची ठेवावीत. मॉड्यूलच्या ओळीत ‘सीक्रेट=’ पुढे त्या फोल्डरचा मार्ग व वापरकर्त्याच्या नावाचे चल द्यावे आणि ‘युजर=रूट’ लिहावे. ‘युजर’ लिहिले नाही तर फाइल वापरकर्त्याच्या मालकीची नाही म्हणून मॉड्यूल ती नाकारते. हाच न्याय अधिकृत किल्ल्यांच्या फायलीलाही लावा. तीही ग्राहकाच्या हाताशी ठेवू नका. ‘ऑथोराइज्डकीजफाइल’ या ओळीने तिची जागा बदलता येते.

आणखी एक गोष्ट, जी आपण लिहिलेली नाही आणि म्हणूनच विचारतो: पॅमच्या फायलीतील ‘कॉमन-ऑथ’ ची (नेहमीचा पासवर्ड तपासणारी) ओळ आपण निष्क्रिय केली असेल (किल्लीनंतर पुन्हा पासवर्ड विचारू नये म्हणून सगळेच करतात), तर ग्राहकांच्या गटाबाहेरील खात्यांचे काय? पॅमची ती फाइल सर्वांसाठी एकच असते. ‘मॅच’ विभागाबाहेरील खात्याला ‘ऑथेंटिकेशनमेथड्स’ ठरवून दिलेले नसेल, तर कोणतीही एक पद्धत पुरते आणि त्या पद्धतींत ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ येतेच. म्हणजे आपल्या स्वतःच्या प्रशासक खात्यात निव्वळ सहा आकड्यांवर शिरता येईल. त्यावर ‘नलओके’ आणि त्याच्या जोडीला बरेच लेख सांगतात ती ‘पॅम_परमिट’ ची (सर्वांना होकार देणारी) ओळ असेल, तर नोंदणी न केलेल्या खात्यात काहीही न देता शिरता येईल. कृपया आजच तपासा.

शाईवाला

काका, तपासले. आपली शंका दुर्दैवाने खरी निघाली. हिशेबाच्या विभागातील एका जुन्या खात्याची नोंदणी झालेली नव्हती. मी घरच्या लॅपटॉपवरून, कोणतीही किल्ली न देता, त्या खात्याचे नाव टाकले आणि थेट आत गेलो. पडद्यावर काहीही विचारले गेले नाही. दोन घटक लावण्याच्या खटपटीत मी असलेला एक घटकही काढून टाकला होता.

आता सर्वसाधारण भागातच ‘ऑथेंटिकेशनमेथड्स पब्लिककी,कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ लिहिले आहे, ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ बंद केले आहे, ‘नलओके’ काढले आहे आणि अपवाद तेवढे ‘मॅच’ विभागात ठेवले आहेत. नेहमी उलट क्रमाने विचार करायला हवा होता, हे उशिरा लक्षात आले.

रात्रपाळी

फाइलझिलाबद्दल लिहितो, कारण हा त्रास मी दोन वर्षे काढला आहे.

फाइलझिला फायली पाहण्यासाठी एक जोडणी उघडते आणि फायली पाठवण्यासाठी वेगळ्या, एकाहून अधिक जोडण्या उघडते. सर्व्हरच्या दृष्टीने यातील प्रत्येक जोडणी हे नवे लॉगिन असल्यामुळे प्रत्येकीसाठी कोड मागितला जातो. आपण नोंदणी करताना ‘एक कोड एकदाच’ हा पर्याय निवडला असेल (निवडावाच), तर दुसऱ्या जोडणीला तोच कोड चालत नाही आणि ग्राहकाला पुढचा कोड येईपर्यंत थांबावे लागते. त्यात ‘तीस सेकंदांत तीनच प्रयत्न’ ही मर्यादा असली की तो गोंधळून चार वेळा बटण दाबतो आणि बाहेर फेकला जातो.

उपाय असा: साइट मॅनेजरमध्ये लॉगऑन प्रकार ‘इंटरॅक्टिव्ह’ ठेवावा आणि ट्रान्सफर सेटिंग्जमध्ये एकाच वेळच्या जोडण्यांची संख्या १ करावी. वेग थोडा कमी होतो, पण छपाईच्या मोठ्या पीडीएफसाठी खरी मर्यादा ग्राहकाच्या इंटरनेटचीच असते.

विनएससीपी या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये वेगळाच खोडा आहे. तेथे ‘पहिल्या प्रश्नाला पासवर्डने उत्तर द्या’ अशा अर्थाची एक खूण प्रमाणीकरणाच्या पानावर असते. तुमचा सर्व्हर पहिला प्रश्न म्हणून कोडच विचारतो, तेव्हा विनएससीपी जतन केलेला पासवर्ड तेथे पाठवून मोकळे होते, आणि ग्राहक शपथेवर सांगतो की त्याला कोड विचारलाच नाही. ती खूण काढायला सांगा.

सर्व्हरच्या बाजूने करायचे असेल तर मॉड्यूलला ‘ग्रेस_पीरियड’ हा पर्याय आहे. त्यात दिलेल्या सेकंदांपर्यंत, त्याच पत्त्यावरून आलेल्या त्याच वापरकर्त्याला पुन्हा कोड विचारला जात नाही. मी ६०० सेकंद ठेवले आहेत. काही जण पूर्ण दिवस ठेवतात. एका कार्यालयातील सगळे संगणक बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात हे ध्यानात घेता मला ते पटत नाही.

मुद्रितशोधक

मी सर्व्हरच्या दुसऱ्या बाजूला बसणारी व्यक्ती आहे, म्हणून थोडे लिहिण्याचे धाडस करते. आमच्या कार्यालयात अक्षरजुळणीचे काम करणारे चौघे जण एकाच खात्यातून फायली पाठवतात. ज्या छापखान्याशी आमचे काम आहे त्यांनीही असाच कोड सुरू केला, तेव्हा क्यूआर कोडचे छायाचित्र साहेबांनी कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले आणि सर्वांनी ते आपापल्या फोनमध्ये घेतले. तेव्हापासून सर्वांचे काम चालते. यात चूक आहे असे येथे वाचून वाटू लागले आहे. पण साहेब सुटीवर असताना अंक थांबवायचा का, याचेही उत्तर कोणी द्यावे.

टर्मिनल_काका

ताई, आपला प्रश्न रास्त आहे, आणि दोष आपल्या साहेबांपेक्षा चार माणसांना एक खाते देणाऱ्या छापखान्याचा अधिक आहे.

क्यूआर कोडमध्ये काय असते ते सांगितले म्हणजे अडचण लक्षात येईल. त्यात एक गुपित अक्षरमाला असते, बाकी फारसे काही नाही. तुमचा फोन ती अक्षरमाला आणि १ जानेवारी १९७० पासून तीस-तीस सेकंदांचे किती टप्पे झाले तो आकडा, या दोहोंवर एक ठरावीक गणित करतो आणि त्यातून सहा अंक काढतो. सर्व्हरही तेच गणित करून उत्तर ताडून पाहतो. ही पद्धत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या कार्यपद्धतींचा दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाली. फोनला यासाठी इंटरनेट लागत नाही, सिमकार्डही लागत नाही. म्हणजेच ते छायाचित्र ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाकडे तो दुसरा घटक कायमचा आहे, नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडेसुद्धा.

व्यवहार्य मार्ग एवढाच: चौघांना चार खाती, चार किल्ल्या, चार गुपिते, आणि सर्व्हरवर त्या चौघांना एकाच सामाईक फोल्डरमध्ये लिहिण्याचा गट-अधिकार. यात एक पथ्य आहे. ‘क्रूटडिरेक्टरी’ (ज्याबाहेर ग्राहकाला जाता येत नाही अशी जागा) म्हणून जो फोल्डर देतो तो आणि त्याच्या वरचे सगळे फोल्डर रूटच्याच मालकीचे असावे लागतात व गटाला तेथे लिहिता येता कामा नये. नाहीतर एसएसएचडी जोडणी तोडून टाकते. लिहिण्याची जागा त्याच्या आत एक पायरी खाली करावी.

बारनिशी

सर्वांनी कोडबद्दल लिहिले. मी घड्याळाबद्दल लिहितो.

आमच्याकडे एका सोमवारी सकाळी एकाही ग्राहकाला आत येता येईना. कोड बरोबर, किल्ली बरोबर, तरी नकार. शेवटी सर्व्हरवर ‘डेट’ लिहून पाहिले तर तो मनगटावरील घड्याळापेक्षा दोन मिनिटांहून अधिक मागे. शनिवारी फायरवॉल बदलताना कोणीतरी एनटीपीचे (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीचे) १२३ क्रमांकाचे पोर्ट बंद करून ठेवले होते आणि त्या जुन्या यंत्राचे घड्याळ पूर्वीपासूनच मागे पडणारे होते. हे मॉड्यूल मूळ सेटिंगमध्ये आताचा, आधीचा आणि नंतरचा असे तीनच कोड स्वीकारते, म्हणजे अर्ध्या मिनिटाची सूट. नोंदणी करताना ती सतरा कोडांपर्यंत, म्हणजे सुमारे चार मिनिटांपर्यंत वाढवता येते. पण घड्याळ बिघडले म्हणून कोडाची मुदत वाढवणे मला योग्य वाटत नाही.

भारतातील संस्थांसाठी येथे एक कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी, मिळवून ठेवायची आहेत. लॉग १८० दिवस जपायचे आहेत. आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. शाईवाला यांनी वर्णन केलेली अनधिकृत प्रवेशाची घटनाही त्या यादीत बसते. घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनी या प्रोग्राममध्ये वेळ-सर्व्हरच्या ओळी घातल्या की पहिले काम होते. लॉगसाठी ‘इंटर्नल-एसएफटीपी’ ला (एसएसएचडीतील फायली हाताळणाऱ्या भागाला) ‘इन्फो’ ही नोंदींची पातळी द्यायला विसरू नये, अन्यथा कोण आले ते कळते, काय नेले ते कळत नाही.

उलटतपासणी

थोडा विरोधी सूर लावतो. मे २०२३ मध्ये मूव्हइट ट्रान्सफर या फाइल हस्तांतराच्या नावाजलेल्या उत्पादनातील एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला परस्पर आज्ञा देऊ देणाऱ्या) त्रुटीतून क्लॉप टोळीने असंख्य संस्थांचा डेटा नेला. तेथे कोणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही, की कोणाला कोड विचारला गेला नाही. लॉगिनच्या अलीकडेच भिंतीला भोक होते. ग्राहकांना सहा आकड्यांचा जाच करण्याऐवजी सर्व्हर वेळेवर अद्ययावत ठेवणे आणि छपाई झालेल्या फायली पंधरा दिवसांत तेथून हलवणे, यातून अधिक साधणार नाही का?

दुसरे असे, की किल्लीला पासफ्रेज (किल्लीची फाइल उघडण्याचा पासवर्ड) असेल तर ‘जवळ असलेली वस्तू’ आणि ‘ठाऊक असलेली गोष्ट’ हे दोन घटक आधीच झाले. मग तिसऱ्याचा आग्रह कशाला?

टर्मिनल_काका

फायली हलवण्याबद्दल पूर्ण सहमत. जे सर्व्हरवर नाही ते चोरता येत नाही. मात्र शाईवाला यांच्याकडे झालेली चोरी भिंतीच्या भोकातून झालेली नाही, चिठ्ठीवरच्या पासवर्डने झालेली आहे.

पासफ्रेजचा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. तरी पासफ्रेज ग्राहकाच्या संगणकावरच तपासली जाते. ती आहे की नाही, असलीच तर ‘१२३४’ आहे का, हे सर्व्हरला कळण्याचा मार्गच नाही. जे सर्व्हरला तपासता येत नाही ते सर्व्हरचा घटक म्हणून मोजता येत नाही. याला खरा पर्याय यूएसबी सुरक्षा-किल्लीचा आहे. फेब्रुवारी २०२० च्या ८.२ आवृत्तीपासून ओपनएसएसएच ‘ईडी२५५१९-एसके’ प्रकारच्या किल्ल्या ओळखते. किल्ली बनवताना ‘व्हेरिफाय-रिक्वायर्ड’ दिले आणि सर्व्हरवरही तीच सक्ती केली, तर पिन टाकून आणि बोट टेकवूनच सही होते व ती झाल्याचे सर्व्हरला कळते. प्रशासक खात्यांसाठी मी हेच वापरतो. चाळीस ग्राहकांना वाटण्याइतके ते स्वस्त नाही, आणि ग्राहकाचा प्रोग्राम त्या किल्ल्या ओळखतो का हेही आधी पाहावे लागते.

आता रात्रीच्या स्वयंचलित खात्यांविषयी. यंत्राला दुसरा घटक नसतो हे मान्य करून टाकावे. गुपित त्याच यंत्रावर ठेवून स्क्रिप्टने कोड काढण्याची युक्ती काही जण करतात. त्यात दोन्ही घटक एकाच डब्यात राहतात, म्हणून ती केवळ तपासनिसाला दाखवण्यापुरती आहे. त्यापेक्षा त्या खात्यांसाठी वेगळा ‘मॅच युजर’ विभाग करून तेथे फक्त ‘पब्लिककी’ ठेवावी आणि अधिकृत किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम=’ लिहून ग्राहकाच्या सर्व्हरचा स्थिर पत्ता व सोबत (इतर सवलती बंद करणारे) ‘रिस्ट्रिक्ट’ द्यावे. त्या खात्याला एकाच फोल्डरमध्ये लिहिण्याचा अधिकार असावा. माणसाने ते खाते वापरू नये, हे लेखी कळवावे.

रात्रपाळी

एक पुरवणी. ज्यांच्याकडे अजून साधे एफटीपी चालू आहे त्यांनी त्यावर कोड लावण्याच्या फंदात पडू नये. १९८५ च्या आरएफसी ९५९ मधील त्या नियमावलीत नाव आणि पासवर्ड उघड्यावर जातात, तेथे कोडही उघड्यावरच जाईल. एफटीपीएसमध्ये वाहतूक झाकलेली असते, पण कोड विचारण्याची सर्वमान्य पद्धत नाही; काही सर्व्हर पासवर्डला जोडूनच सहा आकडे लिहायला लावतात. तेथे ग्राहकाचे प्रमाणपत्र सक्तीचे करणे हा त्यातल्या त्यात नेटका मार्ग आहे.

शाईवाला

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांत जे झाले ते नोंदवून ठेवतो.

गुपिते आणि किल्ल्या दोन्ही ‘/ईटीसी’ खाली नेल्या. प्रत्येक बदलाआधी एक रूट सत्र उघडे ठेवले, ‘एसएसएचडी -टी’ ने फाइल तपासली, मगच सेवा पुन्हा वाचायला लावली आणि दुसऱ्या खिडकीतून आत येऊन पाहिले. त्या उघड्या सत्राने मला दोनदा वाचवले. सामाईक खाती मोडून माणशी खाती केली, त्यामुळे खाती चाळीसवरून एकोणसत्तर झाली. दोन स्वयंचलित ग्राहकांपैकी एकाकडे स्थिर पत्ता होता, त्याचे काम एका दिवसात झाले. दुसऱ्याकडे तो नाही. त्यांनी घेईपर्यंत त्यांचे खाते रात्री बारा ते तीन एवढाच वेळ उघडते, तेही मला समाधान देणारे नाही.

नोंदणीसाठी क्यूआर कोड ईमेलने पाठवणे बंद केले. ज्यांना शक्य आहे ते छापखान्यात येतात, मी पडद्यावर कोड दाखवतो, ते समोरच फोनमध्ये घेतात आणि एकदा आत येऊन दाखवतात. बाहेरगावच्यांसाठी व्हिडिओ कॉलवर हेच करतो. आणीबाणीचे पाच कोड मात्र कागदावर छापून पाकिटात बंद करून देतो. अखेर छापखानाच आहे.

एक अडचण शिल्लक आहे. सांगलीचे एक ज्येष्ठ अक्षरजुळणीकार साधा बटणांचा फोन वापरतात आणि बदलणार नाहीत असे त्यांनी नम्रपणे कळवले आहे. त्यांना एसएमएसने कोड पाठवण्याचा विचार केला होता, पण त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागेल आणि सिम बदलून होणाऱ्या फसवणुकीचा धोकाही राहील. तूर्त त्यांच्या संगणकाला एक यूएसबी सुरक्षा-किल्ली छापखान्याच्या खर्चाने दिली आहे. ती त्यांनी टेबलाच्या खणाच्या चावीच्या जुडग्यातच अडकवली आहे आणि पहिल्या दिवसापासून त्यांचा एकही फोन आलेला नाही.